आलेल्याची नोंद

अमरावतीहून अकोल्याला रोज जाणं-येणं करणाऱ्यांची एक वेगळी जात असते. तिला अप-डाउनवाले म्हणतात. या जातीत मी एकोणीस वर्षं काढली. नोकरी अकोल्याच्या कॉलेजात, बिऱ्हाड अमरावतीत, आणि आयुष्याचा बराचसा भाग मधल्या रस्त्यावर, बसच्या खिडकीला डोकं टेकून. अप-डाउनवाल्यांचे देव दोन. एक गाडी वेळेवर आणणारा आणि दुसरा ती आली असं सांगणारा. पहिला मला कधी भेटला नाही. दुसरे म्हणजे नारायणराव वाकोडे, अमरावतीच्या बसस्थानकावरचे कंट्रोलर.

कंट्रोलरची खोली म्हणजे एक काच, काचेला एक भोक आणि भोकापुढे गर्दी. आत वाकोडे बसलेले. बुटके, रुंद, कपाळावर एक उभी आठी, खिशात दोन पेनं आणि एक लहान वही. समोर स्थानकाचं जाडजूड रजिस्टर. गाडी फलाटाला लागली की लिहायची, सुटली की लिहायची आणि माईकवरून सांगायची, हे त्यांचं काम. पहिल्याच दिवशी मी भोकात तोंड घालून विचारलं, "अकोला गाडी किती वाजता येईल?"

"आली का मंग सांगतो."

"पण अंदाजे?"

त्यांनी मान वर केली. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहून माझा धंदा ठरवला. "सर, अंदाज पंचांगात राह्यते. अथी रजिस्टर हाय."

गाडीचं पुढचं चाक फलाटाला लागल्याशिवाय ती आली असं वाकोडे कधीही म्हणत नसत. ती फाटकातून आत शिरताना सगळ्यांना दिसे, पोरंबाळं पिशव्या उचलून धावत, आणि वाकोडे पेन हवेत धरून बसलेले असत. चाक थांबलं की पेन खाली येई.

एकदा स्थानकावर पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. टाकीत पाणी नव्हतं, पण फीत होती. पुढारी अकराला येणार होते. साडेअकराला एक कार्यकर्ता खिडकीशी आला.

"साहेब, माईकवरून सांगून टाका ना, पाहुण्यांचं आगमन झालं म्हून. लोकं पांगून राहिले."

"आले काय?"

"येऊनच राहिले."

"मंग येऊ द्या."

"अवो, नागपुराहून निघाले ते!"

"निघाले ते नागपूरवाला लिवन. माह्या फलाटाले लागतीन तवा मी लिवन."

ताफा दोन वाजून दहा मिनिटांनी आला. तोवर हार सुकले होते आणि बँडवाले जेवायला गेले होते. वाकोड्यांनी माईक ओढला आणि रोजच्या सपाट आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नियोजित वेळ अकरा, आगमन दोन वाजून दहा मिनिटे." उद्घाटनाची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. इतकं थोडक्यात आणि इतकं खरं भाषण दुसरं ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात वाकोड्यांची एका आडगावच्या स्थानकावर बदली झाली. आठ महिन्यांनी परत आले तेव्हा मी विचारलं, कसं काय होतं तिकडे? म्हणाले, "तथी बी गाड्या येतच होत्या."

या गुणाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लेखन सत्काराच्या मानपत्रासारखं होईल. एका ड्रायव्हरनं एकदा शपथेवर सांगितलं की त्याची गाडी चार पाचला लागली. रजिस्टरात चार दहा होतं. वाकोडे म्हणाले, "रजिस्टर चुकत नसते." ड्रायव्हरला वरून लेखी ताकीद मिळाली. आठवड्याभरानं असं लक्षात आलं की वाकोड्यांच्या मनगटावरचं घड्याळच पाच मिनिटं पुढे आहे. हे त्यांनाही कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी स्थानकाच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा पाच मिनिटं पुढे गेलेलं आढळलं. हा किस्सा मला त्या ड्रायव्हरनंच सांगितला. सांगताना तो हसत होता, पण फार नाही.

निवृत्त झाल्यावर वाकोडे आमच्या कॉलनीत, माझ्या घराला लागून असलेल्या घरात राहायला आले. मग कंट्रोलर साहेबांचे ते वाकोडे काका झाले. रजिस्टर स्थानकावर राहिलं, हात घरी आला. त्या हाताला काम हवं होतं. खिशातल्या वहीची समोरासमोरची दोन पानं उघडायची; डाव्या पानावर 'आले', उजव्या पानावर 'गेले'. दूधवाला आला सहा दहा. टँकर आला आठ पन्नास, गेला नऊ पाच. जावई आले. जावई गेले. मी सकाळी निघालो की कुंपणापलीकडून पेनाच्या टोपणाचा टिक् असा आवाज येई आणि आपण कुठल्यातरी सरकारी दप्तरात जमा झालो, असं वाटे.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या वहीच्या जन्मजात वैरी. "जावयाले पानी इचारायच्या आंधी घड्याळ पाह्यते हा मानूस," त्या सांगत. "मी माहेराहून आली का डावीकडं लिवते. आल्याचं बरं वाटलं, हे कोन्या पानावर लिवते ते मले चाळीस वर्षांत सापडलं नाई."

"ते लिवायचं राह्यते काय?" काका म्हणत.

"बोलायचं तरी राह्यते!"

आणखी एक. तीस वर्षं बसगाड्यांची ये-जा लिहिणारा हा माणूस निवृत्तीनंतर बसमध्ये बसला नाही. "आतली गोठ मले मालूम हाय," एवढंच कारण. मुलगी अकोल्याला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी तिला भेटायला काका पहाटे आपली जुनी स्कूटर काढत आणि थांबत थांबत अकोल्याला पोचत. काकू उशिरा निघून बसनं जात आणि आधी पोचत. काकांच्या वहीत याची नोंद नव्हती.

डिसेंबरातल्या एका सकाळी काकूंचा फोन आला तेव्हा मी बसस्थानकावर पोचलो होतो. काकांना मागून कुठल्यातरी गाडीनं उडवलं, दवाखान्यात नेलंय, एवढंच त्या सांगू शकल्या. मी तसाच दवाखान्यात गेलो. डोक्याला चार टाके, डाव्या बाजूचं हासळीचं हाड मोडलेलं, बाकी माणूस शाबूत, पण गुंगीत. तिथं एक हवालदार होता. त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, आणि ते इतकं सरळ होतं की शंका घ्यायला जागा नव्हती.

बडनेऱ्याच्या पुढे, धुक्यात, मागून धक्का बसला. स्कूटर बाभळीच्या झुडपात, काका रस्त्याच्या कडेला. ज्या माणसानं त्यांना दवाखान्यात आणलं तो संत्र्याच्या पिकअपचा ड्रायव्हर, शेंदूरजनाघाटचा शेख हनीफ. आणि काकांच्या खिशातल्या वहीत काकांच्याच अक्षरात एक नंबर आणि वेळ, सहा चाळीस. नंबर त्याच पिकअपचा.

"म्हणजे मारलं यानंच," हवालदार म्हणाला, "आणि घाबरून आणलं बी यानंच. आता म्हनून राहिला का मी फक्त उचललं. सारेच म्हनते."

मला ते पटलं. रस्त्यावर पडलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी उगाच उचलत नाही, यावर आम्हा सगळ्यांचाच इतका गाढ विश्वास आहे की उचलणारा दिसला की तोच गुन्हेगार वाटतो. हनीफला ठाण्यात बसवून ठेवलं. पिकअप मालासकट ठाण्याच्या आवारात उभी केली. आणि मी, सत्कार-समारंभांची आयुष्यभर टिंगल करणारा, बाहेर येऊन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो बातमीदार आहे. म्हटलं, बघ, असाही माणूस असतो.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'रक्ताच्या थारोळ्यातही टिपला नंबर!' थारोळं नव्हतं, पण चार टाक्यांवर मथळा होत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या वॉर्डातले उगवते नेते बंटीभाऊ यांनी चौकात फ्लेक्स लावला. 'जागरूक नागरिक मा. नारायणराव वाकोडे यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली बंटीभाऊंचा फोटो मोठा, वर काकांचा लहान. काकांचा फोटो निवृत्तीच्या दिवशीचा होता, हार घातलेला. त्यामुळे पहिल्याच तासात काकूंना सांत्वनाचे चार फोन आले.

काका दोन दिवस गुंगीतच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी उशीला टेकून बसले. नेमके तेव्हाच बंटीभाऊ पुष्पगुच्छ आणि फोटोवाला घेऊन आले.

"काका, काई चिंता करू नका. तुमाले ठोकनारा आत हाय. गाडी बी आत. संत्र्यासकट!"

"संत्रं?" काका म्हणाले.

"हाव ना. पिकअप भरून."

काका छताकडे पाहू लागले. फोटोवाल्यानं दोन फोटो काढून घेतले.

"माह्या पाठीखाली संत्रं होती," काका म्हणाले. "टोचत होती. वास येऊन राहिला होता." मग माझ्याकडे वळून, "सर, त्याले कोनं धरलं?"

"तुम्हीच, काका. नंबर तुम्ही लिहिला ना."

"कोन्या पानावर?"

हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. नंबर सगळ्यांनी पाहिला होता, पान कोणी पाहिलं नव्हतं. काकांनी पाय पलंगावरून खाली सोडले.

"ठाण्यात चला."

"अवो, डोक्याले टाके हायेत!" काकू ओरडल्या.

"टाके संगं येतीन."

बंटीभाऊ म्हणाले, "काका, रविवारी सत्कार ठेवलाय, तवर आराम—" पण काका तोवर चप्पल शोधत होते.

ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली ती पिकअप उभी होती. तीन दिवसांत वरची संत्री मऊ पडून खालच्यांवर गळत होती. आंबूस गोड वास आणि माश्या. व्हरांड्यातल्या बाकावर एक पस्तिशीचा माणूस गुडघ्यात हात घालून बसला होता. त्यानं काकांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

ठाणेदार तरुण होते, वागायला बरे. त्यांनी काकांना खुर्ची दिली. काका बसले नाहीत. वही मागितली, टेबलावर उघडी ठेवली आणि एका हातानं सपाट केली.

"साहेब, हे डावं पान. अथी आलेले. हे उजवं पान. अथी गेलेले. उजवीकडं पाहा, मी घरून निघालो ते हाय, पाच तीस. त्याच्याखाली काई नाई. ज्यानं मले मारलं तो गेला. त्याचा नंबर मले मालूम नाई. मी पाह्यलाच नाई. हा नंबर डावीकडं हाय. हा आलेला हाय."

ठाणेदारांनी पान पाहिलं. "म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय, काका?"

"तीस वर्षं ह्या हातानं एकच काम केलं. गाडी येऊन थांबली का लिवायचं. मी पडलो होतो, डोकं ठिकानावर नव्हतं. एक गाडी येऊन थांबली. हातानं लिवलं."

"काका, विचार करा. हा सुटला तर तुमची केस अज्ञात वाहनाची. हाती काही लागणार नाही. आणि पेपरात आलंय सगळं, तुमचं नाव आहे. लोक काय म्हणतील?"

काकांनी वही उघडीच ठेवली. कपाळावरची उभी आठी पट्टीखाली गेली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा कोणा दुसऱ्याचाच वाटत होता. मला चार दहा आणि चार पाच आठवलं. भिंतीवरचं घड्याळ आठवलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मधला मार्ग काढेल.

"म्हना का रजिस्टर चुकलं," काका म्हणाले. "चुकलं नाई, मीच चुकलो, निसता नंबर लिवला. लिवून घ्या."

लिहून घ्यायला दीड तास लागला. सरकारी कागदावर कोणाला अडकवायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट सोडवायला लागतो. हनीफ बाहेर आला तेव्हा काका पायरीवर उभे होते. डावा हात गळ्यातल्या झोळीत होता, म्हणून नमस्कार एका हातानंच झाला आणि तो नमस्कारापेक्षा सलामासारखा दिसला.

हनीफ थांबला. "चाचा, तीन दिन. तीन दिन मैं बोल रहा था, इनको पूछो, ये बताएंगे. तुमी झोपलेले." मग त्याचा आवाज चढला. "तुमाले आडवं टाकासाठी पंधरा क्रेट रस्त्यावर उतरवले मी. माही अम्मा तीन दिवस जेवली नाई. आता कान पकडले. आज से रस्त्यात सगा बाप पडला असन ना, तरी हनीफ ब्रेक मारनार नाई. खुदा कसम."

नुकसानीचा विषय काकांनी काढायला आणि हनीफनं तो हातानं उडवायला एकच गाठ पडली. तो पिकअपमध्ये बसला. गाडी वळली तेव्हा मागून रस गळत होता आणि त्याची रेघ फाटकापर्यंत गेली.

सत्कार रद्द झाला. फ्लेक्स मात्र महिनाभर राहिला, कारण फ्लेक्स लावायला कार्यकर्ते असतात, काढायला वारा लागतो. चौकातून जाणारे लोक त्याकडे पाहून हसत. 'नंबरवाले काका' असं नाव पडलं. काका त्याच चौकातून रोज दोनदा जात. दुसऱ्या रस्त्यानं जाता आलं असतं, गेले नाहीत.

घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. अपघातातून वाचलेल्या माणसापुढे आपल्याकडे प्रत्येकजण थोडा थोडा कीर्तनकार होतो. थोडक्यात निभावलं. डोक्यावर गेलं असतं तर? देवाला काळजी. एका हाडावर भागलं, नवस फेडा. काका सगळ्यांना हो हो म्हणत आणि अंगणात येरझारा घालत. कुंपणापासून नळापर्यंत, नळापासून कुंपणापर्यंत. रात्री-बेरात्रीची गोष्ट नाही, भर दुपारी, जेवण झाल्यावर, लोकांशी बोलता बोलता. काकू म्हणायच्या, "बसा ना जरासे, मले घेरी येऊन राहिली."

मीही माझं कीर्तन केलं. "काका, चूक झाली, तुम्ही ती चारचौघांत मान्य केली, माणूस सुटला. तुम्हीही वाचलात. आता सोडा."

ते थांबले. "सर, वाचलो ते कोनामुळं?"

"हनीफमुळे."

"मंग सोडा कसं म्हनता? माहं हाड जुळते, डॉक्टर म्हनते सहा हप्ते. मले पानी भेटते, चा भेटतो, तुमच्यासारखे लोकं भेटाले येते. माह्यं काईच गेलं नाई. पन या रस्त्यावर थांबनारा एक मानूस होता, तो कमी झाला. माह्या हातानं झाला. तो रोज शेंदूरजन्याहून येते, अकोल्याले जाते. तुमी बी त्याच रस्त्यानं जाता. उद्या तुमी पडसान, आन त्याची गाडी तुमच्याजवळून निघून जाईन. मले काय म्हनसान?"

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसल्यावर, बडनेरा मागे टाकल्यावर, मी पहिल्यांदाच खिडकीला डोकं न टेकता बाहेर पाहत राहिलो. रस्त्याला किती कडा असतात ते एकोणीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

झोळी निघायच्या आधीच काका शेंदूरजनाघाटला गेले. बसनं. निवृत्तीनंतरचा त्यांचा पहिला बसप्रवास. गाडी पन्नास मिनिटं उशिरा आली आणि काका चकार शब्द बोलले नाहीत, असं काकूंनी मला एखादा दृष्टान्त सांगावा तसं सांगितलं. पहिल्या खेपेला हनीफ घरी नव्हता. दुसऱ्या खेपेला होता, पण मागच्या दारानं निघून गेला. त्याच्या अम्मांनी चहा दिला. तिसऱ्या खेपेला काका संत्र्यांच्या ढिगाशी जाऊन बसले आणि उजव्या हातानं डागी फळं बाजूला काढू लागले. हनीफनं पाहिलं आणि क्रेट भरत राहिला. चौथ्या खेपेला म्हणाला, "चाचा, वो हरी वाली भी निकालो." यापलीकडे संभाषण गेलं नाही.

"एका थँक्यूसाठी किती खेपा?" मी विचारलं.

"एकच म्हनायचं हाय. तो आयकन तवा."

वाकोडे काका पुढच्याच उन्हाळ्यात गेले. झोपेत, कोणत्याही वाहनाचा संबंध न येता. मी तेव्हा परीक्षेच्या कामावर परगावी होतो, परतलो तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. काकू अकोल्याला मुलीकडे गेल्या. म्हणून माझ्या लेखी काकांचं शेवटचं दर्शन त्याआधीच्या मार्चमधल्या एका दुपारचं आहे.

मला सुट्टी होती. काका म्हणाले, चला, शेंदूरजन्याचं संत्रं खाऊन पाहा. गेलो. दुपारी परत निघताना हनीफची पिकअप भरून अमरावतीकडेच निघाली होती. अम्मांनी आतून आवाज दिला, "चाचा को बस में क्यूं भेजता रे?" हनीफनं दार उघडलं. मी मधे, काका खिडकीशी. वरूड, मोर्शी मागे पडलं. हनीफ गाडी चांगली चालवत होता, जरा जास्तच समोर पाहत.

नांदगाव पेठ जवळ आलं तेव्हा कापडाच्या कारखान्यांची पाळी सुटली होती. बायकांचे घोळके, सायकली, स्कूट्या. आमच्या पुढे काही अंतरावर एक स्कूटी कडेच्या मुरुमावर घसरली. बाई एका बाजूला, डबा दुसऱ्या बाजूला. मोठं काही नव्हतं. पण ती उठली नाही. पाय धरून बसली. तिच्या मागून येणाऱ्या गाड्या तिला वळसा घालून जाऊ लागल्या.

"थांबव," काका म्हणाले.

हनीफनंही वळसा घातला. त्याचा हात गिअरवरून हलला नाही. ती बाई काकांच्या बाजूच्या आरशात लहान होत गेली. मला वाटलं काका ओरडतील, विनवतील, निदान एखादं सुभाषित सांगतील. त्यांनी दाराची कडी ओढली. चालत्या गाडीचं दार उघडलं आणि वारा आत घुसला.

"अरे! पागल है क्या!" हनीफनं ब्रेक दाबला. मागची संत्री क्रेटसकट पुढे सरकल्याचा आवाज आला. काका उतरले आणि आलेल्या रस्त्यानं मागे चालू लागले. त्यांचं चालणं आता थोडं डावीकडे झुकायचं.

इंजिन सुरू होतं. हनीफनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "सर," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमी गवाह हो. मैं उतरा नहीं. मैंने हाथ नहीं लगाया."

"बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तीन दिवस त्या बाकावर तो बसला होता, मी नाही.

आरशात काका त्या बाईपाशी पोचले होते. तिला उठवायला वाकले. डाव्या खांद्यात जोर नव्हता. ती अर्धी उठली आणि दोघंही पुन्हा खाली बसले. एक टेम्पो हॉर्न वाजवत त्यांना घासून गेला. काकांनी पुन्हा तिच्या काखेत हात घातला. हनीफच्या बाजूलाही आरसा होता. तो समोर पाहत होता, मग आरशात, मग समोर.

"हा बुढा मरन अथी," तो म्हणाला. मग त्यानं अम्मांनी ऐकू नये अशी एक शिवी दिली आणि गिअर मागे टाकला.

पिकअप मागे सरकू लागली. आवाजानं काकांनी मान वळवली. ते त्या बाईच्या शेजारून उठले, रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, मागून येणाऱ्या गाड्यांना पाठ दाखवून. डावा हात खांद्यापर्यंतच वर येत होता, तेवढाच त्यांनी मागच्यांना थांबवायला वर केला. कारखान्याच्या बाया थांबल्या होत्या, हॉर्न वाजत होते, आणि काका आमच्याकडे तोंड करून, उजवा हात स्वतःकडे हलवत, एकेक पाऊल मागे जात होते.

"येऊ दे," ते म्हणत होते. "येऊ दे... येऊ दे."